बोटीच्या सीटखालचे सहा इंच: शॉकअपचा खांब निवडायचा, बसवायचा आणि वजनाला लावायचा कसा

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला देवबागच्या संगमातून बाहेर पडलात तर समुद्र तेलासारखा पसरलेला असतो. दुपारी दोननंतर वायव्येचा वारा धरला की तोच समुद्र आखूड, उभ्या लाटांनी भरून जातो. हलकी फायबरची बोट, मागे ताकदीचं आउटबोर्ड इंजिन आणि वीस नॉटचा, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटरचा वेग. बोट लाटेच्या माथ्यावरून सुटते, क्षणभर हवेत राहते आणि खाली आपटते. फायबर तो दणका सोसतं, कारण ते त्यासाठीच जाड केलेलं असतं. सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या कण्याची तशी सोय कुणी केलेली नसते.

फायबरच्या बोटी दुरुस्त करणं हा माझा धंदा. वर्षानुवर्षं मी तळ, इंजिन आणि वायरिंग यांच्यावर जीव काढला आणि सीट मात्र चार स्क्रूंवर बसवून मोकळा झालो. मग ओळखीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, चाळिशीतच कंबर धरून जेट्टीवर उतरताना दिसायला लागले. तेव्हापासून सीटखालचा खांब हा माझ्या कामाचा भाग झाला आहे. त्यात जे शिकलो, चुकून शिकलो तेही, इथे क्रमाने सांगतो.

आधी हिशेब समजून घ्या

बोट तीन फुटांवरून, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटरवरून पडली, तर पाण्याला टेकताना तिचा खाली जाण्याचा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर तुमच्या कण्याला बसणारा दणका ठरतो. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, एवढाच हिशेब. नुसत्या फोमच्या सीटमध्ये ५ सेंटिमीटर मिळाले तर ९० भागिले ५, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अठरा पट. शॉकअपच्या खांबाने १५ सेंटिमीटर दिले तर ९० भागिले १५, म्हणजे सहा पट. बोटीचा तळ पाण्यात थोडा घुसतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमी येतात. पण दोन बैठकींमधला फरक याच जातीचा असतो.

सगळा खेळ त्या इंचांचा आहे. ज्या इंचांमध्ये सीट वरखाली होते त्याला गॅरेजवाले स्ट्रोक म्हणतात, मीही तेच म्हणेन. खांब निवडताना स्ट्रोक मोजून घ्यायचा, बसवताना तो कुठे अडणार नाही हे पाहायचं, वजनाला लावताना, म्हणजे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे त्याचा कडकपणा ठरवताना, तो वाया जाणार नाही हे पाहायचं, आणि नंतर मिठाने तो खाऊन टाकू नये म्हणून सीट धूत राहायची. पुढचं सगळं याचाच विस्तार आहे.

दणक्याने जास्त करून मोडतो तो छातीचा कणा आणि कमरेचा कणा जिथे जुळतात तिथला मणका. तो उभ्या दाबाखाली पुढच्या बाजूने चेपतो. माणूस पुढे वाकून बसलेला असेल तर आणखी लवकर. ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिटनच्या ब्रिस्टल चॅनलमध्ये ‘सेल्टिक पायोनियर’ या पर्यटकांच्या वेगवान रबरी बोटीवर एका प्रवाशाचा कमरेचा मणका असाच चेपला, आणि तिथल्या सागरी अपघात तपास विभागाने त्याची रीतसर चौकशी केली. ती ना वादळातली घटना होती, ना टकरीतली. सहलीच्या फेरीत लाटेवरून बोट आपटली, एवढंच.

काय विकत मिळतं आणि त्यातलं काय घेऊ नये

सर्वांत मोठा घोटाळा गॅसच्या खांबाचा. ऑफिसच्या खुर्चीसारखा खटका दाबून वरखाली होणारा खांब बोटींसाठीही मिळतो, आणि विकणारा त्याला ‘ॲडजस्टेबल’ म्हणतो. तो ॲडजस्टेबल आहे, पण फक्त उंचीला. खटका सोडला की तो जागच्या जागी कुलूपबंद होतो आणि दणका जसाच्या तसा वर पाठवतो. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: खटका बंद असताना वर बसलं की सीट दबते का? दबत नसेल तर तो शॉकअप नाही.

दुसरा प्रकार नळीत नुसती स्प्रिंग असलेल्या खांबाचा. स्वस्त असतो, वजनाने हलका असतो. धरणाच्या पाण्यात किंवा खाडीत गळ टाकून बसायला ठीक. पण स्प्रिंग दणका गिळत नाही, साठवते, आणि पुढच्या क्षणी परत करते. लाटांवर असा खांब माणसाला उडवतो, आणि उडालेला माणूस खाली येतो तेव्हा सीट वर येत असते. त्या भेटीत जे होतं ते घट्ट सीटपेक्षा वाईट.

खरा खांब म्हणजे स्प्रिंग आणि तिच्या जोडीला तेलाचा डँपर. स्प्रिंग भार पेलते, तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं आणि दणक्याची ताकद उष्णतेत जिरते. यात पुन्हा दोन जाती. एकीत लोखंडी स्प्रिंग आणि ती घट्ट-सैल करायची कडी किंवा नॉब असतो. दुसरीत स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा असते आणि हातपंपाने तिचा दाब बदलता येतो. हवेच्या जातीचा मोठा फायदा असा की ती जसजशी दबते तसतशी कडक होत जाते, त्यामुळे शेवटच्या इंचात आपोआप आवरते. शिवाय वजन बदललं की दोन मिनिटांत नवा दाब भरता येतो. आळीपाळीने दोन-तीन तांडेल चालवतात अशा बोटीला मी हवेचाच सुचवतो.

कॅनडातल्या शॉकवेव्ह आणि शॉक्स, स्वीडनमधली उलमन डायनॅमिक्स या कंपन्या गस्ती आणि बचाव बोटींसाठी अशा सीट बनवतात. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड आणि ॲटवुड यांचे खांब छोट्या बोटींच्या मालकांना जास्त परिचयाचे. अमेरिकी खांबांच्या नळ्या बहुधा दोन मापांत येतात, २ ३/८ इंच आणि २ ७/८ इंच व्यासाच्या. मिलिमीटरमध्ये अंदाजे ६० आणि ७३. पायाची प्लेट एका मापाची आणि खांब दुसऱ्या मापाचा मागवून फसलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा कॅलिपर लावूनच ऑर्डर द्या. खोक्यावर आणखी एक गोष्ट बघा. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेच्या एच-३१ मानकात सीटचे वर्ग केले आहेत: ‘ए’ वर्ग बोट धावत असताना बसण्यासाठी, ‘बी’ ताशी पाच मैलांपर्यंत, ‘सी’ बोट उभी असताना. समुद्रात जाणार असाल तर ‘ए’शिवाय काही घेऊ नका.

जुगाडाबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे तो होतोच. मोटरसायकलचे मागचे शॉकअप सीटखाली उभे करून बसवलेले मी काढून टाकले आहेत. ते शॉकअप लांब दांड्याच्या तरफेवर काम करायला बनवलेले असतात. सरळ उभे केले की त्यांची ताकद आणि स्ट्रोक दोन्हींचा हिशेब बिघडतो. शिवाय क्रोमचा दांडा खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात फुटतो आणि सील कापतो. ट्रकची हवेची सीटही मोह घालते. पण ती रस्त्याच्या सततच्या बारीक थरथरीसाठी असते, बोटीच्या आपटण्यासाठी नव्हे, आणि तिचा कातरीसारखा सांगाडा साध्या लोखंडाचा असतो.

स्ट्रोक किती घ्यावा? खाडी आणि आडोशाच्या पाण्यात चार इंच पुरतात. उघड्या समुद्रात वेगाने जायचं तर सहा इंचांखाली जाऊ नका.

मोजमाप, बोट पाण्यात असताना

यार्डात ठोकळ्यांवर उभ्या बोटीत सीटची जागा आखू नका. धावताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचललेली असते आणि सगळे कोन बदलतात. बोट पाण्यात घ्या, ज्याने चालवायचं आहे त्याला लाकडी खोक्यावर बसवा, खोक्याखाली फळ्या घालत उंची ठरवा, आणि वेगात एक फेरी मारून या. तेवढ्या फेरीत खोकं कुणीतरी धरून ठेवा आणि पाणी सपाट असतानाच जा.

मापं तीन अवस्थांत घ्यायची: सीट पूर्ण वर, माणूस बसल्यावर, आणि सीट पूर्ण खाली. पूर्ण वर असताना मांड्या सुकाणूच्या चाकाला घासता कामा नयेत. पूर्ण खाली असताना डोळे काचेच्या वरच्या कडेमागे जाऊ नयेत, गुडघे कन्सोलवर, म्हणजे चाक बसवलेल्या खोक्यावर, आपटू नयेत. हात चाकावर आणि गिअरच्या दांड्यावर दोन्ही टोकांना पोचले पाहिजेत. पाय डेकवर किंवा पायटेकणीवर पूर्ण टेकलेले हवेत. लोंबकळते पाय म्हणजे सगळा भार कमरेवर.

आता एक गोष्ट जी मी स्वतः उशिरा शिकलो. किल स्विचची, म्हणजे तांडेल जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारी, लाल दोरी तांडेलाच्या कमरेला किंवा मांडीला अडकवलेली असते. सीट सहा इंच खाली गेली की दोरी तेवढी ताणली जाते. दोरी आखूड असेल तर ऐन लाटांत इंजिन बंद पडतं आणि बोट आडवी फिरते. दोरीला स्ट्रोकपेक्षा जास्त ढील ठेवा. पण दोरी काढून टाकणं हा उपाय नाही, हे बजावून सांगतो.

सीटखालची जागा पूर्ण रिकामी हवी. लाइफ जॅकेटं, पाण्याचा जार, नांगराची दोरी सीटखाली कोंबायची सवय आपल्याकडे इतकी पक्की आहे की सीट बसवून आठवडा होत नाही तोच खाली काहीतरी सापडतं. सहा इंचांच्या स्ट्रोकमध्ये चार इंचांचं जॅकेट घुसवलं की तुम्ही पैसे देऊन दोन इंचांची सीट घेतली. मी हल्ली खांबाभोवती डेकवर लाल रंगाचा चौकोन मारतो आणि तिथे काही ठेवायचं नाही असं खलाशांना सांगून ठेवतो.

डेक आणि बोल्ट: इथे घाई नको

माणूस ८० किलो, सीट १५ किलो. सहा पट दणका म्हणजे खांबाच्या पायावर जवळजवळ पावणेसहाशे किलोचा दाब. हे अजून सोपं, कारण दाब खाली आहे. अवघड आहे ती आडवी ओढ. बोट तिरकी आपटली आणि बाजूने शरीराच्या वजनाएवढा जरी हिसका बसला, तरी ९५ किलो हे डेकपासून ७० सेंटिमीटर उंचीवर ढकलले जातात. बोल्टांमधलं अंतर २० सेंटिमीटर असेल तर एका बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून ३३० किलोच्या घरात ओढ येते, प्रत्येकावर १६५. हे तासाला शेकडो वेळा. लाकडात घातलेला स्क्रू हे सहन करणं शक्य नाही. पहिली सीट मी मरीन प्लायमध्ये जाड स्क्रूंनी बसवली होती. दुसऱ्या महिन्यात ती मालकाच्या हातात आली. सुदैवाने बोट तेव्हा जेट्टीला होती.

काम या क्रमाने करा:

१. डेकखाली काय आहे ते आधी शोधा. पेट्रोलची टाकी, स्टिअरिंगची केबल, वायरिंग, आडवे बीम. हात जात नसेल तर मोबाइलचा कॅमेरा घाला. टाकीच्या वर भोक पाडायचं असेल तर जागा बदला.

२. शक्य असेल तर खांब बीमवर किंवा दोन बीमना जोडणाऱ्या पट्टीवर आणा, आणि बोटीच्या मागच्या एक तृतीयांश भागाकडे सरकवा. नाळेकडे जाल तसं आपटणं वाढतं.

३. पुठ्ठ्याचा साचा करून भोकं आखा आणि आधी बारीक, तीन मिलिमीटरचं एकच भोक पाडा. ड्रिलवर आलेला भुसा बोटांत चोळून पाहा. कोरडा, फिका भुसा म्हणजे प्लाय शाबूत. काळपट, ओलसर, वास मारणारा भुसा म्हणजे आतून कुजलंय. तिथे थांबा. आधी डेक कापून तो भाग नव्याने करा.

४. डेकच्या आत प्लाय किंवा बाल्सा असेल तर प्रत्येक भोक बोल्टपेक्षा ५-६ मिलिमीटर मोठं पाडा, खालून चिकटपट्टी लावा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा आणि सुकल्यावर मधोमध पुन्हा योग्य मापाचं भोक घ्या. अर्धा दिवस जास्त जातो. पण आता बोल्ट लाकडाला नाही, इपॉक्सीच्या डबीला धरून आहे. पाणी आत गेलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही आणि बोल्ट आवळताना डेक चेपत नाही.

५. डेकखाली आधाराची प्लेट हवीच. ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा १०-१२ मिलिमीटरची फायबरची पाटी, खांबाच्या पायापेक्षा चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर मोठी, कोपरे गोल केलेले. टोकदार कोपरा फायबरला चीर पाडतो. प्लेट सपाट बसत नसेल तर मध्ये इपॉक्सीची पुट्टी भरा. खाली हात जायला वाटच नसेल तर डेकला सहा इंचांचं गोल झाकण बसवून वाट करा. झाकण बसवायला मालक नाखूश असतात. तरी तेवढ्यावर तडजोड करू नका.

६. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, एम-१०. डोक्यावर ‘ए४-७०’ असा ठसा असतो. ‘ए२’ म्हणजे ३०४, आणि ३०४ मिठाच्या पाण्यात डाग धरतो आणि आतून पोखरतो. चुंबक लावून हा फरक कळत नाही, ठसाच बघावा लागतो. वरून मोठे वायसर, खालून वायसर आणि नायलॉक नट.

७. खांबाचा पाया ॲल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेस बोल्ट थेट त्याला टेकू देऊ नका. खारं पाणी मध्ये आलं की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. नायलॉनचे वायसर आणि बुश घाला, आणि जिथे धातू भेटतात तिथे गंजरोधक पेस्ट लावा. तीच जात नटाच्या आट्यांनाही उपयोगी पडते, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात.

८. पायाखाली बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट लावा. बाथरूमचं सिलिकॉन नको. आधी सगळे बोल्ट हातानेच आवळा, सीलंट कडेने एकसारखं बाहेर येईल इतके. दिवसभर सुकू द्या. मग खालून नट फिरवून शेवटचं आवळा. वरून बोल्ट फिरवला तर त्याच्याभोवतीचं सीलंट फाटतं आणि तिथूनच पाणी शिरतं.

पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा तपासा. थोडे सैल झालेले असतातच.

वजनाला लावणं

या भागासाठीच मुळात लिहायला बसलो. चांगला खांब, उत्तम बसवलेला, पण वजनाला लावलेला नाही, अशा सीट मी सगळ्यात जास्त पाहतो. आणि तशी सीट घट्ट लाकडी बाकापेक्षा धोक्याची असते, कारण बसणारा निर्धास्त असतो.

माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. ५८ किलोच्या तांडेलासाठी मी एक सीट लावून दिली, अगदी लोण्यासारखी. पंधरा दिवसांनी मालक स्वतः बोट घेऊन गेले. ते ९६ किलोंचे. त्यांच्या नुसत्या बसण्याने स्ट्रोकचा मोठा भाग संपला होता. दुसऱ्या-तिसऱ्या मोठ्या लाटेला सीट तळाला टेकली. शॉकअप टेकला की तो शॉकअप राहत नाही, लोखंडी ठोकळा होतो. वर, टेकेपर्यंत माणसाला सीटसोबत खाली जायला मिळालेलं असतं, त्यामुळे वर येणाऱ्या डेकशी गाठ आणखी जोराने पडते. मालक तीन आठवडे अंथरुणावर होते. मी त्यांना वजन बदललं की दाब बदलायचा असतो हे सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून सीट ताब्यात देताना मी मालक आणि प्रत्येक तांडेल यांना समोर बसवून पुढचं सगळं करून दाखवतो.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. अंगावर लाइफ जॅकेट, कमरेला पाऊच, ओले कपडे, असेल तसं. कंपनीने वजनाचा तक्ता दिला असेल तर आधी त्याप्रमाणे दाब भरा किंवा नॉब लावा. मग खांबाच्या दांड्यावर एक छोटा झिप टाय सैलसर बांधा आणि सीलला टेकवून ठेवा. माणसाला हळू बसवा, पाय नेहमीसारखे टेकलेले, आणि हळू उठवा. झिप टाय जेवढा सरकला तेवढे इंच नुसत्या बसण्यात गेले. एकूण स्ट्रोकच्या पाव ते एक तृतीयांश इतके जाणं बरोबर. सहा इंचांच्या खांबात दीड ते दोन इंच. अडीच गेले तर दाब वाढवा. एकच गेला तर कमी करा. थोडं दबलेलं असणं गरजेचं आहे, कारण बोट लाटेवरून खाली जाते तेव्हा सीटनेही मागोमाग खाली-वर होऊन माणसाला सोडू नये. काही खांबांमध्ये दांडा किंवा सांधा थेट दिसत नाही. तिथे सीट आणि डेक यांमधलं अंतर मोजपट्टीने घ्या.

हवेचा पंप साधा नको. या शॉकअपमध्ये हवा फार थोडी असते आणि साध्या पंपाची नळी काढतानाच बरीचशी निघून जाते. डोंगरी सायकलींच्या शॉकअपसाठी मिळतो तो बारीक, घड्याळवाला पंप घ्या. दाब सकाळी, सावलीत बघा. उन्हात उभ्या बोटीत २५ अंशांची हवा ५० अंशांना गेली की दाब आपोआप आठ टक्क्यांच्या आसपास चढतो, आणि दुपारी लावलेली सीट दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ निघते.

मग परतीचा वेग, म्हणजे दबलेली सीट किती लवकर वर येते ते. यासाठी बहुतेक चांगल्या खांबांना वेगळा नॉब असतो. सीट हाताने पूर्ण दाबा आणि सोडा. ती एका दमात वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन दोनदा-तीनदा डुलली तर परतीचा डँपर घट्ट करा. पण फार घट्ट केलात तर दुसरी अडचण येते, आणि ती जेट्टीवर कळत नाही. आपल्या दुपारच्या वाऱ्याची लाट बघा: नांगरलेल्या बोटीखालून ती साधारण तीन सेकंदांनी एक जाते, माथ्यापासून माथ्यापर्यंत पंधराएक मीटर. तिच्या तोंडावर वीस नॉटने निघालात की हिशेब बदलतो. तुम्ही सेकंदाला दहा मीटर पुढे, ती पाच मीटर तुमच्याकडे. म्हणजे सेकंदाला एक लाट. सीटला वर यायला सव्वा सेकंद लागत असेल तर दुसरी लाट येताना ती अर्धवट दबलेली, तिसरीला आणखी दबलेली, पाचव्या लाटेला तळाशी. तांडेल सांगतो की सुरुवातीला छान वाटतं आणि मग दणके बसायला लागतात. ही खूण ओळखा. वजनाचा दाब वाढवायच्या आधी परतीचा नॉब दोन खटके सैल करून बघा.

शेवटी समुद्र. पहिल्या दिवशी स्वतःच्याच बोटीने उठवलेल्या लाटा कमी वेगाने कापा, मग थोडा वेग वाढवा. झिप टाय दर दहा मिनिटांनी बघा आणि पुन्हा वर सरकवा. नेहमीच्या दुपारच्या लाटांत तो स्ट्रोकच्या तीन चतुर्थांशापर्यंत जावा. रोज टोकाला जात असेल तर शॉकअप टेकतोय, दाब वाढवा. अर्ध्याच्या पुढे कधीच जात नसेल तर तुम्ही इंच विकत घेऊन वापरत नाही आहात. जमलं की प्रत्येक तांडेलाची खूण करा: नॉबवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका, कन्सोलच्या आत नाव आणि दाब लिहिलेली पट्टी. बोट सोडायच्या आधी पट्टी बघायची, जशी आपण टाकी बघतो.

फोमचंही एक. मऊ, जाड गादी आरामाची वाटते म्हणून लोक वरून घालतात. ती आधी पूर्ण चेपते आणि मग अचानक कडक होते, त्यामुळे शॉकअपला काम सुरू करायला उशीर होतो. दोन इंच, दाट, पाणी न पिणारा फोम पुरे.

मागे बसलेल्यांचं काय

सुकाणूवरच्या माणसाला हे सुख मिळालं की एक नवीन संकट उभं राहतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आधी तांडेलाची कंबर हाच बोटीचा वेगमापक होता. दणका त्याला लागायचा, तो हात आखडता घ्यायचा. आता त्याला लागत नाही, म्हणून तो तोच वेग ठेवतो आणि नाळेकडच्या बाकावर बसलेली पुण्या-मुंबईची कुटुंबं मात्र लाकडावर आपटत राहतात. किल्ला बघायला, डॉल्फिन बघायला आलेली म्हातारी माणसं, पहिल्यांदा समुद्र पाहणारी पोरं. त्यांना कसं बसायचं हेही ठाऊक नसतं.

म्हणून मी सीट लावून देताना तांडेलाकडून एक वचन घेतो: लाट आली की आरशात किंवा मान वळवून नाळेकडच्या माणसांकडे बघायचं, आणि ती बाकावरून सुटताना दिसली की वेग कमी करायचा. वयस्कर, गरोदर, पाठीचं दुखणं असलेले, सगळे मागच्या बाकावर. नाळेचा बाक खडबडीत समुद्रात रिकामा ठेवायचा, एक फेरी कमी भरली तरी चालेल. प्रवाशांना निघायच्या आधी सांगायचं की पाठ सरळ, दोन्ही पाय टेकलेले, एक हात दांड्याला. युरोपात कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या थरथरीवर २००२ च्या निर्देशाने मर्यादा घातली आहे, आठ तासांच्या कामासाठी ०.५ ला उपाय सुरू करायचे आणि १.१५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर जायचंच नाही. ती मोजायला यंत्र लागतं. बाकावरून सुटलेला माणूस बघायला यंत्र लागत नाही.

मीठ, वाळू आणि पावसाळा

रोज संध्याकाळी बोट लागल्यावर खांबावर गोडं पाणी मारा. दांड्यावर वाळलेलं मीठ म्हणजे बारीक काचच. प्रत्येक दबण्याबरोबर ते सीलवर घासतं. साधं ग्रीस दांड्याला लावू नका, त्याला वाळू चिकटते आणि पॉलिश पेपर तयार होतो. सिलिकॉनचा हलका फवारा मारून कापडाने पुसून घ्या. रबरी भाता असेल तर तो फाटलेला नाही ना ते बघा. फाटका भाता पाणी आत घेतो आणि धरून ठेवतो, त्यापेक्षा नसलेला बरा.

महिन्यातून एकदा सीट वरून धरून चारी दिशांना हलवा. टक-टक आवाज आला तर आतले बुश झिजलेत. झिजलेल्या बुशमुळे सीट तिरकी होऊन मध्येच अडकते, आणि अडकलेली सीट म्हणजे पुन्हा शून्य इंच. दांड्यावर तेलाची ओल दिसली तर सील गेलं. दर आठवड्याला हवा भरावी लागत असेल तर आधी व्हॉल्व्हच्या टोपीवर साबणाचं पाणी लावून बघा, बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.

मेअखेर बोट वर ओढली की सीट आणि खांबाचा वरचा भाग सोडवून घरात आणा. कोमट गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, हवा कंपनीने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत उतरवा आणि उभंच ठेवा. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनं सुती कापड टाका. डेकवर राहिलेल्या पायाच्या नळीत चिंधी कोंबून टोपी लावा, नाहीतर जुलैभर तिथे पाणी साचून राहतं. बोट पुन्हा पाण्यात टाकायच्या आधी डेकखालचे नट, सीलंटची कड आणि झाकण तपासा, दाब भरा, आणि तांडेलाला पुन्हा काट्यावर उभं करा. तीन महिने घरी जेवलेल्या माणसाचं वजन तेच राहत नाही, आणि मे महिन्यातला रंगाचा ठिपका तेव्हा चुकीच्या जागी असतो.